प्रश्नांना न कंटाळणारे भास्कराचार्य



यंदा प्रत्येकाने एका थोर माणसाचे चरित्र लिहायचे म्हणून गुरुजींनी नावांच्या चिठ्ठ्या करून खडूच्या डब्यात टाकल्या. मी चिठ्ठी उचलली तर भास्कराचार्य निघाले. खरे सांगते, मी हिरमुसले. मला सावित्रीबाई हव्या होत्या. भास्कराचार्य म्हणजे गणित, आणि गणिताच्या तासाला माझी काय अवस्था होते ते आमच्या वर्गाला ठाऊक आहे. गुरुजींनी सांगितले की आधी त्यांच्या गोलाध्यायात काय आहे ते ऐकून घे, मग चिठ्ठी बदलायची असेल तर खुशाल बदल. मी बदलली नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. नऊशे वर्षांमागच्या माणसाचे जन्मसाल एवढे पक्के कसे, असे मी विचारले. तर ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, पण आकड्यांत नाही, शब्दांत. त्या काळी पोथीत आकडे शब्दांनी सांगत. चवीचे रस सहा, म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन, म्हणून गुण म्हणजे ३. पूर्ण म्हणजे शून्य. पृथ्वी एकच, म्हणून १. हे ६, ३, ०, १ उलटे वाचले की १०३६. मग आम्ही मैत्रिणींनी आपापली सालं अशी करून पाहिली. माझे साल गुण, पृथ्वी, पूर्ण, नेत्र. ज्याला जमेल त्याने ओळखावे.

सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे ते सांगतात. ते गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. आमच्या चाळीसगाव तालुक्यातले पाटण तेच, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आमच्या गावात तर याबद्दल शंका काढलेली कोणाला खपत नाही! पाटणचा आणि त्यांचा संबंध मात्र नक्की आहे. ते मी शेवटी सांगणार आहे.

वडिलांचे नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती. शाळा म्हणजे घरचा ओटा आणि फळा म्हणजे धुळीची पाटी. धूळ पसरायची, त्यावर बोटाने किंवा काडीने आकडे मांडायचे, काम झाले की हाताने पुसायचे. त्या धुळीतून वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्याचे नाव सिद्धान्तशिरोमणी. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे ६९ व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल नावाचा आणखी एक ग्रंथ लिहिला. तो पंचांगाचे गणित सोपे करून सांगणारा आहे.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाची वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि मग वडिलांनी तिच्या नावाने गणिताचे पुस्तक केले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मलाही ती फार आवडायची. पण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. पुस्तकातली काही उदाहरणे एका मुलीला विचारलेली आहेत, एवढे खरे. मला तेवढे पुरे आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी मुलीला उद्देशून गणित घालत होते, हे काय थोडे झाले?

आता गोलाध्यायाकडे येते. त्यात सुरुवातीलाच प्रश्नांचा एक अध्याय आहे. म्हणजे आधी प्रश्न गोळा केले आणि मग उत्तरे द्यायला बसले. श्लोक कळायला अवघड म्हणून त्यांनी त्यावर गद्यात आपलीच टीका लिहिली. तिचे नाव वासनाभाष्य. इथे वासना म्हणजे भलते काही नाही, वासना म्हणजे एखादी गोष्ट अशी का, याचे कारण. वर्गात कोणी हे नाव वाचून हसले होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पहिला मोठा प्रश्न हाच की पृथ्वी कशावर उभी आहे? लोक सांगत शेषावर, कासवावर, हत्तींवर. त्यांनी उलट विचारले की ज्याने पृथ्वी धरली त्याला कोणी धरले? त्याच्याखाली आणखी एक हवा, त्याच्याखाली आणखी एक. याला शेवट नाही. शेवटी कुठेतरी कोणाला तरी स्वतःच्या बळावर उभे राहावे लागणारच, मग ते पृथ्वीलाच का राहता येऊ नये? हे वाचून मी आजीकडे गेले आणि शेषाखाली काय आहे ते विचारले. आजी म्हणाली की पाणी. पाण्याखाली? आजीने मला दळण घेऊन गिरणीवर पाठवले.

मग पृथ्वी खाली का पडत नाही? काही पंडित म्हणत की पडतेच आहे, आपल्याला कळत नाही. भास्कराचार्यांनी सांगितले की वर फेकलेली वस्तू परत जमिनीवर येते. पृथ्वी एवढी जड, तीच वेगाने खाली चालली असती तर हलकी वस्तू तिला गाठू शकली नसती. (जड वस्तू जास्त वेगाने पडते असे ते धरून चालले. ते बरोबर नाही, हे पुढे गॅलिलिओने दाखवले.) पण त्याच्या जोडीला त्यांनी जे लिहिले ते फार चांगले आहे. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, आणि आपण म्हणतो पडली. पृथ्वीच्या चहूकडे तर सारखेच आकाश आहे, मग तिने स्वतः पडायचे कुठे?

यावरून आमच्याकडे काही जण म्हणतात की न्यूटनच्या आधी सगळे आमच्याच माणसाने शोधले होते. गुरुजींना ते पटत नाही. १६८७ साली न्यूटनने ही ओढ किती असते ते गणिताने सांगितले आणि तीच ओढ चंद्राला, ग्रहांना लावून दाखवली. भास्कराचार्यांनी ते केलेले नाही. त्यांनी केले तेवढेच नीट सांगावे, त्यात कमीपणा काही नाही.

पुढचा प्रश्न मी चौथीत विचारला होता, म्हणून तो सापडल्यावर मला ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले. पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? ते सांगतात, कोणत्याही वर्तुळाच्या कडेचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस अगदी लहान. त्याला दिसतो तो तुकडा शंभराव्या भागाहूनही कितीतरी लहान, मग तो सपाटच दिसणार. आम्ही पटांगणात खुंटी ठोकून सुतळीने मोठे वर्तुळ काढले. त्याचा वीतभर तुकडा राखला आणि बाकीचे पायाने पुसले. मग दुसऱ्या वर्गातल्या मुलांना बोलावून विचारले की ही रेघ कशी आहे. सगळे म्हणाले सरळ! आम्ही खूप हसलो.

आणि पलीकडची माणसे? ती डोके खाली, पाय वर अशी लोंबकळतात का? इथे त्यांनी नदीकाठचा दाखला दिला. काठावर उभे राहिले की पाण्यात आपले उलटे प्रतिबिंब दिसते, तशी ती माणसे आपल्या मानाने उलटी आहेत. पण आपण इथे जसे बिनघोर उभे आहोत तशी तीही तिथे उभी आहेत. पृथ्वीवर सगळीकडे डोंगर, बागा, गावे कशी वसली आहेत हे सांगायला त्यांनी कदंबाचे फूल घेतले. कदंबाचा गोल गेंद असतो आणि त्यावर सर्व बाजूंनी केसर उभे असतात. त्यातला कोणता केसर वर आणि कोणता खाली?

चंद्राच्या कला समजावताना घेतला मातीचा घडा. घडा उन्हात ठेवला की सूर्याकडची बाजू उजळते आणि दुसरी बाजू घड्याच्या स्वतःच्याच सावलीने काळी राहते. चंद्राचे तसेच. आपल्याला उजळ बाजू किती दिसते त्याप्रमाणे चंद्रकोर लहानमोठी होते. आम्ही शाळेतला माठ सकाळच्या उन्हात ठेवून त्याच्याभोवती गोल फिरलो. कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा, सगळे दिसले. चंद्र पाण्याचा गोळा आहे असे मात्र ते समजत. तो निघाला दगडमातीचा.

रात्र का होते, याला जुने उत्तर होते की सूर्य सोन्याच्या मेरू पर्वताआड जातो. त्यावर त्यांनी विचारले, एवढा मोठा सोन्याचा पर्वत मध्ये येतो तर तो दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला आहे म्हणता, मग सूर्य दक्षिणेकडे सरकून उगवतो तो कसा? हे कोणालाही ओट्यावर बसून पाहता येते. आमच्या शाळेच्या ओट्यावरून डिसेंबरात सूर्य टाकीच्या उजवीकडे निघतो आणि जूनमध्ये पिंपळाच्या डावीकडे. मी सात वर्षे त्या ओट्यावर बसते आहे आणि मला हे आत्ता कळले.

यंत्रांवर त्यांनी एक अध्याय लिहिला आहे. त्यात पारा भरलेले, आपोआप फिरणारे चाकही आहे. तसले चाक फिरत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. पण त्याच अध्यायात ते सांगतात की सगळ्यांत चांगले यंत्र म्हणजे बुद्धी, आणि हातात एक काठी असली तर बाकी यंत्रांवाचून अडत नाही. काठीने त्यांनी बांबूची उंची मोजायला शिकवले आहे. आमच्या शाळेला दुर्बीण नाही, पण काठ्या पुष्कळ आहेत.

मोजमापाचे प्रश्नही लोक विचारतच. पृथ्वी केवढी? त्यांनी परीघ ४९६७ योजने दिला आणि मोजायची रीतही सांगितली. उत्तर-दक्षिण सरळ रेषेतली दोन गावे घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, अंतर मोजा आणि त्रैराशिक मांडा. चंद्र किती लांब? ५१,५६६ योजने. सूर्य? ६,८९,३७७ योजने. योजन म्हणजे नक्की किती यावर वाद आहेत, म्हणून गुरुजींनी युक्ती केली. पृथ्वी चार सेंटिमीटरच्या लिंबाएवढी धरली. त्यांच्या हिशेबाने चंद्र लिंबापासून साधारण १३० सेंटिमीटरवर येतो. खरे अंतर १२१ सेंटिमीटर. किती जवळ गेले बघा! आणि सूर्य? त्यांच्या हिशेबाने सतरा-साडेसतरा मीटरवर, म्हणजे पटांगणातच. खरा सूर्य ४७० मीटरवर ठेवावा लागतो. आम्ही मोजत मोजत फाटकाबाहेर पडलो आणि एस. टी.च्या थांब्याच्याही पुढे गेलो.

एवढी चूक कशी झाली? सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात असे मानून त्यांनी गणित मांडले. चंद्राला आकाशाची फेरी करायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडे जास्त लागतात, सूर्याला ३६५. म्हणजे सूर्याला तेरापटींहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तो तितकाच पट लांब. हा समज जुन्या ग्रंथांतून चालत आला होता. पृथ्वी स्थिर आहे असेही ते मानत. शेषाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने हा प्रश्न का विचारला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता राहू. मला हीच गोष्ट मुख्यतः सांगायची होती.

ग्रहण कशाने होते, याचे उत्तर त्यांच्याआधीच आर्यभटांनी दिले होते. चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो तेव्हा चंद्रग्रहण, आणि चंद्र सूर्याच्या आड येतो तेव्हा सूर्यग्रहण. भास्कराचार्यांनी ते डोळ्यांनी कसे पडताळायचे ते सांगितले. चंद्रग्रहणात चंद्राची पूर्वेकडची कड आधी काळी होते, सूर्यग्रहणात सूर्याची पश्चिमेकडची. चंद्रग्रहणात अर्धवट राहिलेल्या बिंबाची टोके बोथट दिसतात आणि ग्रहण बराच वेळ चालते, म्हणजे झाकणारी वस्तू मोठी. सूर्यग्रहणात टोके अणकुचीदार असतात आणि ग्रहण लवकर सुटते, म्हणजे झाकणारी वस्तू लहान. एकच राहू दोघांना गिळत असता तर असा फरक का पडला असता?

इतके स्पष्ट लिहिल्यावर त्यांनी पुढे काय केले असेल? मला वाटले राहूला हाकलून दिले असेल. तसे नाही. नुसते गोलाचे गणित सांगावे तर पुराणाला मानणारे लोक दुखावतात, म्हणून त्यांनी सांगितले की शंकराच्या वराने अंधाररूपी राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्र झाकतो, तसाच चंद्रात शिरून सूर्य झाकतो. म्हणजे राहूही राहिला आणि सावलीही राहिली. मला हे वाचून राग आला. शेषाला न घाबरणारा माणूस राहूला का घाबरला? मी गुरुजींना तसे विचारले. ते म्हणाले, घाबरले की समजूत काढली, ते तूच ठरव.

७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होते. भाद्रपदाची पौर्णिमा, आदल्या दिवशीच गणपती गेलेले. आमच्या काकूला तेव्हा आठवा महिना होता. आजीने दुपारपासून वेध धरले. काकूने चिरायचे नाही, शिवायचे नाही, खायचे नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, मागच्या खोलीत दार लावून बसायचे. त्या रात्री विलक्षण उकडत होते. दहाच्या सुमाराला ढग बाजूला झाले आणि मी अंगणात गेले. चंद्राची पूर्वेकडची कड खरोखरच आधी काळवंडली होती. पुढे अर्ध्यावर आला तेव्हा टोके बोथट होती, अगदी सांगितल्यासारखी. अकरानंतर सगळा चंद्र तांब्याच्या लोट्यासारखा झाला. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाने बोट दाखवावे आणि आपण पाहावे, असे मला वाटले. अंगावर काटा आला.

आत काकू कण्हत होती. ग्रहण सुटायला दीड वाजणार होता. मी आजीजवळ बसले. राहू नाहीच, असे मी म्हणाले असते तर आजीने माझे ऐकले नसते, आणि आप्पांनीही मलाच गप्प केले असते. म्हणून मी भास्कराचार्यांसारखे बोलले. राहू आहे आजी, पण तो सावलीत आहे, आणि ती सावली चंद्रावर आहे, आपल्या माठातल्या पाण्यावर नाही. आजीला मी अंगणात आणले आणि सावलीची गोल कड दाखवली. ही आपल्याच जमिनीची सावली आहे, हे आजीने दोनदा विचारून घेतले. ती बराच वेळ वर बघत राहिली. तिने आयुष्यात ग्रहण पाहिलेच नव्हते. दर वेळी आतच बसलेली.

मग ती काही न बोलता तुळशीपाशी गेली. दोन पाने तोडली, तांब्यात टाकली आणि तांब्या काकूला नेऊन दिला. काकूने घटाघटा पाणी प्यायले. दार मात्र आजीने पुन्हा लावले.

पोर सुखरूप झाली. आजी म्हणते तुळशीमुळे.

पाटणची गोष्ट सांगायची राहिली. भास्कराचार्यांच्या मुलाचे नाव लक्ष्मीधर. त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादवांच्या सिंघण राजाच्या दरबारी मोठा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. त्याचा शिलालेख पाटणला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला द्यायचा आणि तेलाच्या घाण्यांनी पळी पळी तेल द्यायचे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आमच्या भागातले तेली, वाणी आणि गिऱ्हाईक यांच्या पैशावर मुले गोलाध्याय शिकत होती. त्या तेलावर रात्री दिवे लावत असतील, असे मला वाटते.

आणि दानाची तिथी कोणती आहे माहीत आहे? शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. ग्रहणात दान द्यावे म्हणून त्यांनी तो दिवस धरला असणार, आजी सांगते तसाच. पण ते दान ज्या मठाला मिळाले तिथे मुलांना ती सावली आहे असे शिकवत होते.

मठ आता नाही. दगड आहे. शाळेची सहल जानेवारीत पाटणादेवीला जाणार आहे. आजीने माझ्याजवळ आत्ताच दहा रुपये देऊन ठेवलेत, देवीसमोर ठेवायला. आणि तो दगड कुठे आहे ते नीट बघून ये, असेही सांगितले आहे.

(इयत्ता सातवी)